सहाचा पाढा
(प्रस्तावना)

आजीच्या पानाच्या डब्यात सुपारीच्या खणात एक नाणं होतं. तांबूस रंगाचं, कडेला झिजलेलं. त्यावर १९५९ हे साल आणि ३० हा आकडा. लहानपणी आम्ही भावंडं त्याच्यावरून भांडायचो, कारण तीसचं नाणं कुणी पाहिलेलंच नव्हतं. पाचाचं असतं, दहाचं, वीसाचं, पंचविसाचं, पन्नासाचं. तीसाचं कशाला कोण पाडेल? आजी अडकित्ता न थांबवता सांगायची, "अरे, ते आमच्या गोंयचे पाच पैसे." तीस लिहिलंय आणि पाच पैसे? तिचं माहेर पेडण्याचं. ती हिशेबात कधी चुकायची नाही, म्हणून आम्ही गप्प बसायचो. तिचं बोलणं अक्षरशः बरोबर होतं, हे मला चाळीस वर्षांनी कळलं. हे पुस्तक त्या एका वाक्याचा उलगडा करायला निघालं आणि वाढत गेलं.

विषय तसा दोन ओळींत सांगता येतो. वेंगुर्ल्याच्या दक्षिणेला, शिरोडा आणि रेडीच्या पलीकडे, तेरेखोलच्या खाडीपाशी एक देश संपत होता आणि दुसरा सुरू होत होता. अलीकडे चालायचा हिंदुस्थानी रुपया, पलीकडे पोर्तुगीज हिंदुस्थानचा रुपिया आणि शेवटची तीनएक वर्षं एस्कुदो. या दोन चलनांचा एकमेकांशी भाव काय होता, तो कोणी ठरवला, कसा टिकला आणि कधी डळमळला, एवढंच या पुस्तकात आहे. पण हा भाव माणसांच्या हातून ठरत होता. कुलदेवाला अभिषेक सांगणारा, मुलीच्या सासरी ओटी पाठवणारी, काजू विकायला आणणारा, मिठागरावर रोजावर राबणारा, या सगळ्यांना तो रोज लागायचा. म्हणून त्याच्याकडे बँकेच्या खिडकीतून पाहण्यापेक्षा बाजारातून पाहावं असं मला वाटलं.

आधी भूगोल नीट समजून घ्यायला हवा, कारण आजच्या नकाशावर तो दिसत नाही. वेंगुर्ल्यात सतराव्या शतकात डच आले. त्यांच्या वखारीच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. गोव्यातल्या पोर्तुगिजांची समुद्रावरून कोंडी करायला त्यांना हे बंदर सोयीचं होतं. पुढे हा मुलूख वाडीकर सावंतांकडे राहिला आणि १८१२ मध्ये त्यांनी वेंगुर्ले इंग्रजांना दिलं. पेडणे त्याआधीच, १७८८ मध्ये, पोर्तुगिजांकडे गेलं होतं. म्हणजे एकोणिसाव्या शतकात वेंगुर्ल्याचा माणूस सकाळी इंग्रजांच्या हद्दीतून निघाला, तर दुपारी सावंतवाडी संस्थानात असायचा आणि दिवेलागणीला पोर्तुगालच्या राज्यात. कोस तेच, भाषा तीच, देवही तेच. बदलायचा तो फक्त कनवटीचा पैसा.

आणि तो कसा बदलायचा! जुन्या काळात बाजारात निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये फिरत, आणि सराफ प्रत्येकाचं वजन आणि कस पाहून बट्टा लावी. नाणं दगडी पाटावर आपटून त्याचा नाद ऐकणं ही तेव्हाची खरी विनिमय कचेरी. १८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने सगळ्या मुलखासाठी एकच रुपया केला, १८० ग्रेन वजनाचा आणि बारा भागांत अकरा भाग चांदीचा. एक तोळा म्हणजे एक रुपया, हे समीकरण घराघरांतल्या तराजूत बसलं. गोव्यात मात्र जुनाच मेळ होता. तीनशे रेइसांचा एक शेराफिम, साठ रेइसांचा एक टांगा आणि सहाशे रेइसांचा रुपिया. म्हणजे पलीकडच्या रुपियात दहा टांगे आणि अलीकडच्या रुपयात सोळा आणे. दहा आणि सोळा यांचा मेळ घालत ज्यांनी दुकानं चालवली, त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. आपल्याकडे पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी मुलांकडून घोकून घेत ती काही हौस म्हणून नव्हे.

१८७१ च्या सुमारास गोव्यातल्या सरकारने हा मेळ मोडला. टांगा साठ रेइसांचाच ठेवला, पण रुपियात टांगे केले सोळा. सोळा गुणिले साठ म्हणजे नऊशे साठ रेइस. आता टांगा आणि आणा एका ओळीत आले, पाव टांगा आणि पैसा एका ओळीत आले. आपल्या रुपयात १९२ पया, त्यांच्यात ९६० रेइस, म्हणजे एका पयीला बरोबर पाच रेइस. लिस्बनच्या राज्याने आपल्या वसाहतीचं चलन लिस्बनशी न जुळवता वेंगुर्ले, बेळगाव आणि मुंबईच्या बाजाराशी जुळवलं. या पुस्तकाचा कणा म्हणजे ही एक गोष्ट, आणि पुढे ती पुन्हा पुन्हा दिसेल.

मग २६ डिसेंबर १८७८ चा इंग्रज-पोर्तुगीज तह झाला. मुरगावची रेल्वे, जकातीचं ऐक्य आणि मिठाचा मक्ता, या तीन गोष्टींसाठी तो ओळखला जातो. त्याच कराराच्या काळात, १८८१ पासून, गोव्यासाठी जे रुपिये पाडले ते ब्रिटिश हिंदुस्थानच्या टांकसाळीत, हिंदुस्थानी रुपयाच्याच वजनाचे आणि कसाचे. एका बाजूला पोर्तुगालचा राजा लुईस, दुसऱ्या बाजूला पोर्तुगीज भाषेत "एक रुपिया". चेहरा सोडला तर दोन्हीत फरक उरला नाही. तराजूत घाला, नाद ऐका, एकच. बट्टा संपला. मिठाचं मात्र वाईट झालं. गोव्यातल्या मिठागरांवर इंग्रजांचा ताबा आला आणि त्या मिठावर जगणारी घरं बसली. शिरोड्याच्या मिठागरांनी १९३० च्या मे महिन्यात जो सत्याग्रह पाहिला, त्याची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच मिठाच्या मक्त्यापायी पन्नास वर्षं आधी पलीकडच्या आगऱ्यांची चूल विझली होती, हे आपण फारसं आठवत नाही. तह अमलात आल्यापासून बारा वर्षांनी, जानेवारी १८९२ मध्ये, संपला. जकातीचे नाके पुन्हा उभे राहिले. चलनाची बरोबरी मात्र राहिली.

ती का राहिली? मला याचं उत्तर गोव्याच्या घरांमध्ये सापडतं. गोवा जेवढं विकायचा त्याहून जास्त विकत घ्यायचा, आणि मधली तूट भरून काढायचे ते बाहेर गेलेले गोवेकर. मुंबईतले खानसामे, वाजंत्री, बोटीवरचे खलाशी, आफ्रिकेतले कारकून. त्यांतला मोठा वाटा रुपयांतच येई. ज्या घराची चूल मुंबईच्या रुपयावर पेटते, त्या घराला रुपयाहून निराळा रुपिया परवडत नाही. बँको नासिओनाल उल्त्रामारिनु या बँकेची शाखा गोव्यात १८६८ पासून होती. नोटा काढण्याचा हक्क तिच्याकडे आला तरी त्या नोटा हिंदुस्थानी रुपयाशी एकास एक ठेवाव्या लागल्या. पहिल्या महायुद्धात चांदी दुर्मिळ झाली तेव्हा तिने १९१७ मध्ये चार टांगे, आठ टांगे, एक आणि अडीच रुपियांच्या कागदी नोटा काढल्या. आपल्याकडेही त्याच वर्षी एक रुपयाची नोट निघाली आणि पुढच्या वर्षी अडीचची. शेजारच्या घरात ताप आला की आपल्याकडे कढत होतं, असं हे नातं.

एक बारीकशी गोष्ट इथे थांबून पाहण्यासारखी आहे. १९४७ साली आपला रुपया निकेलचा निघाला, चांदीचा अंशही नसलेला. त्याच सालचा गोव्याचा रुपिया निम्म्या चांदीचा होता. भाव तोच, एकास एक. ज्याला धातू कळतो असा माणूस या दोन्हींपैकी कुठला खर्च करील आणि कुठला मडक्यात ठेवील, हे सांगायला नको. जुन्या घरांत सापडणाऱ्या नाण्यांत लोक जपून ठेवलेला रुपिया काढून दाखवतात, निकेलचा रुपया क्वचित, याचं एक कारण मला हेच वाटतं. १९५२ मध्ये गोव्याचा रुपियाही तांबं-निकेलचा झाला.

आता लिस्बनकडे वळू. तिथे १९१० मध्ये राजा गेला, प्रजासत्ताक आलं आणि पुढच्या वर्षी एस्कुदो हे नवं चलन आलं. गोव्यात रुपियाच राहिला. म्हणजे एकाच देशाची दोन चलनं झाली, आणि रुपियाचा एस्कुदोशी भाव काय हा प्रश्न उभा राहिला. त्याचं उत्तर थेट नव्हतं. रुपया इंग्रजी पौंडाला बांधलेला, १९२७ पासून एक शिलिंग सहा पेन्स, म्हणजे एका पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पया. एस्कुदोही १९३१ मध्ये पौंडाशी जोडला गेला, पौंडाला ११०. भागाकार केला तर रुपयाला सव्वाआठ एस्कुदो पडतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पौंड सुमारे १०० एस्कुदोंवर आला, रुपया झाला साडेसातांचा.

मग १९४९ चा सप्टेंबर आला. लंडनने पौंडाची किंमत डॉलरच्या मानाने तीस टक्क्यांहून अधिक उतरवली. दिल्लीने रुपयाही तेवढाच उतरवला. लिस्बनने एस्कुदो उतरवला, पण थोडाच, डॉलरला २५ वरून पावणेएकोणतीसांवर. गोव्याचा रुपिया कुणाच्या मागून गेला? तो लिस्बनच्या मागून गेला नाही. तो रुपयाबरोबर उतरला, कारण त्याला दुसरीकडे जाताच येत नव्हतं. गोव्यातल्या घरांत त्या महिन्यात कुणाला काही जाणवलंही नसेल, कारण मुंबईहून आलेला एक रुपया पेडण्यात अजून एकच रुपिया होता. पण पोर्तुगालहून माल मागवणाऱ्याला तो पूर्वीपेक्षा महाग पडू लागला. नवं गणित असं: डॉलरला ४ रुपये ७६ पैशांच्या आसपास आणि २८.७५ एस्कुदो, म्हणजे रुपयाला ६.०४ एस्कुदो. हा आकडा लक्षात ठेवा.

शेजारी शेजारासारखा वागला नाही तर काय होतं, हे त्याच महिन्यात दुसऱ्या सीमेवर दिसलं. पाकिस्तानने आपला रुपया उतरवायला नकार दिला. त्यांचे १०० रुपये आमचे १४४ झाले, आणि दोन्ही देशांतला तागाचा व्यापार ठप्प झाला. १९५५ मध्ये पाकिस्तानने रुपया उतरवला तेव्हा कुठे ती गाठ सैल झाली. गोव्यात असं काही घडलं नाही. तिथे भाव शांत राहिला आणि भांडण दुसऱ्या वाटेने आलं.

ते आलं नाक्यांवर. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावला. पुढच्या वर्षी पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि भारत सरकारने सीमा बंद केली. एकास एक हा भाव कागदावर जसाच्या तसा होता, पण तो वापरायचा कुठे? गोव्यात लोखंडाच्या खनिजाची निर्यात जोरात चालू झाली होती आणि त्या पैशांवर परदेशी माल येत होता. घड्याळं, नायलॉन, सिगारेटी. हे सगळं रातोरात खाडी ओलांडून इकडे यायचं. त्याची किंमत कशात द्यायची, रुपयांत, रुपियांत की सोन्यात, हे ज्याच्या हातात माल त्याने ठरवायचं. सत्तर वर्षं नाहीसा झालेला बट्टा असा परत आला. आजीच्या माहेरचं कुणी आजारी असताना तिने एका दुकानात पलीकडची नोट पुढे केली. दुकानदार म्हणाला, "वयनी, नोट खोटी नाय, पण माका ती खपवूक जमाची नाय." ती नोट तिने घरी आणून डब्यात ठेवली. ती कमी भावात विकावी असं तिला वाटलं नाही. त्या प्रसंगाचा राग तिला नव्हता, पण पुढे नोटेचं नाव काढलं की तिचा हात अडकित्त्यावर थांबायचा. मी पाहिलेलं तेवढं एकच थांबणं.

आता त्या नाण्याकडे येऊ. १ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे आणे संपले आणि नये पैसे आले. गोव्यात अजून टांगे. पुन्हा सोळा आणि शंभर यांचा बेमेळ झाला. लिस्बनने तेव्हा ठरवलं की रुपिया मोडायचा आणि पोर्तुगालच्या एस्कुदोच्या बरोबरीचा एस्कुदो गोव्यात आणायचा. राजकारणाच्या दृष्टीने अर्थ उघड होता. गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच प्रांत आहे, असं लिस्बन जगाला सांगत होतं, मग त्याच्या खिशातही लिस्बनचाच पैसा हवा. १९५८ सालची नाणी निघाली, नोटांवर २ जानेवारी १९५९ ही तारीख आली. आणि भाव ठरला एका रुपियाला सहा एस्कुदो. ६.०४ मधले वरचे चार शतांश गाळून सहा. शंभर रुपियांच्या मालकाचे पावणेचार एस्कुदो त्या गाळण्यात गेले.

पण खरी गोष्ट नाण्यांच्या आकड्यांत आहे. पोर्तुगालातली नाणी ओळखीच्या पायऱ्यांची, पाच, दहा, वीस, पन्नास. गोव्यासाठी निघाली ती १०, ३० आणि ६० सेंताव्हू, आणि १, ३ आणि ६ एस्कुदो. नोटा ३०, ६०, १००, ३००, ६०० आणि १००० एस्कुदोंच्या. सहाने भागून पाहा. ६ एस्कुदो म्हणजे एक रुपया. ३ म्हणजे पन्नास नये पैसे. ६० सेंताव्हू म्हणजे दहा नये पैसे. आणि ३० सेंताव्हू म्हणजे पाच. नोटा पाच, दहा, पन्नास आणि शंभर रुपयांच्या. नाव लिस्बनचं लावलं, छाप लिस्बनची, पण तीन आणि सहाच्या पटीतलं प्रत्येक नाणं आतून आपल्या रुपयाचं आणि नव्या पैशाचंही माप सांगत होतं. पेडण्याचा बाजार दुसऱ्या मापाने चालणार नाही हे ज्यांनी ही नाणी आखली त्यांना पक्कं ठाऊक होतं. आजी म्हणाली ते हेच. तीस लिहिलेले आमचे पाच पैसे.

नोटांपैकी या ओळीत बसत नाहीत त्या १०० आणि १००० एस्कुदोंच्या. शंभराला सहाने भागलं तर १६ रुपये ६७ पैसे, जुन्या हिशेबात १६ रुपये १० आणे ८ पया. त्या दोन नोटा सरळ पोर्तुगालच्या मापाच्या. म्हणजे एकाच गठ्ठ्यात काही नोटा वेंगुर्ल्याकडे पाहतात आणि दोन लिस्बनकडे. या नोटांचं प्रकरण मी पुस्तकात मुद्दाम मोठं ठेवलं आहे.

१६ रुपये १० आणे ८ पया हा आकडा मराठवाड्यातल्या वाचकाला ओळखीचा वाटेल. निजामाच्या हैदराबादेत हाली सिक्का चालायचा आणि त्याचा भाव होता सात हाली रुपयांना सहा इंग्रजी. शंभर इंग्रजी रुपये म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पया हाली. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीडच्या कितीतरी म्हाताऱ्यांनी हा भागाकार तोंडी केलेला आहे. तिथे सहा आणि सात, इथे एक आणि सहा. मराठी माणसाने आपल्याच मुलखात दोन दिशांना परक्या पैशाची अशी गणितं केली आणि त्यांची नोंद कुठेच एकत्र झाली नाही, याची मला खंत आहे. आणि आपल्या किनाऱ्यावरून आखातात गेलेल्यांना तिसरं गणित भेटलं. १९५९ मध्येच, ज्या वर्षी गोव्यात एस्कुदोच्या नोटा आल्या त्याच वर्षी, रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रुपयाच्या नोटा काढल्या, कारण सोन्याच्या चोरट्या व्यापारात आपला रुपया तिकडे जाऊन परत येत होता. कुवेतने १९६१ मध्ये दिनार काढला तो १३ रुपये ५ आणे ४ पयांचा, म्हणजे पौंडाइतकाच. एकेक भाव उलगडून पाहिला की आत जुना शेजार सापडतो.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि सहा एस्कुदोंना एक रुपया या भावानेच एस्कुदो मागे घेतला गेला. पोर्तुगिजांच्या बँकेत गहाण ठेवलेले लोकांचे दागिने मात्र त्याआधीच लिस्बनला रवाना झाले होते. ते परत आले १९९१ मध्ये. तीस वर्षं आपली पाटली, आपला गोफ समुद्रापलीकडे आहे हे ठाऊक असलेली माणसं तोपर्यंत कितीतरी ठिकाणी देवाघरी गेली होती. आजीच्या डब्यातली ती नोट का बदलून घेतली नाही, हे मी तिला विचारलं नाही. मुक्तीनंतरही ती डब्यातच राहिली, सुपारीचे डाग पडून अर्धी पिवळी झाली. ती ६० एस्कुदोंची होती.

या पुस्तकातली प्रकरणं मी काळाच्या क्रमाने मांडली आहेत, पण १९४९ ते १९६१ या बारा वर्षांना निम्म्याहून जास्त पानं दिली आहेत. त्याला कारण आहे. त्या काळातली माणसं अजून आपल्यात आहेत, आणि ती बोलतात तेव्हा आकडे चुकत नाहीत. एका म्हाताऱ्या मास्तरांनी मला सहाचा पाढा एस्कुदोंत म्हणून दाखवला, "सायक एक, बाराक दोन, अठराक तीन", आणि साठापर्यंत एकदाही अडखळले नाहीत. गणिताच्या पुस्तकात तो पाढा सहा, बारा, अठरा असाच आहे. त्यांनी तो उलट्या बाजूने पाठ केला होता, कारण त्यांना माल विकून घरी रुपये न्यायचे होते.

वाचकांना एक विनंती आहे. गणपतीच्या आधी घर झाडताना माळ्यावरून जुन्या वह्या खाली येतात, लाल कापडाच्या बांधणीच्या, लांबट, कसर लागलेल्या. दुकानाचे हिशेब, देवस्थानच्या पावत्या, गड्यांच्या मजुरीच्या नोंदी. त्यात कुठे "रु. गो." किंवा "टां." असं लिहिलेलं दिसलं, एखाद्या रकमेपुढे बट्टा लावलेला दिसला, तर ती वही रद्दीत घालू नका. शिरोडा, आरोंदा, रेडी, सातार्डा, बांदा इथल्या घरांतून अशा वह्या अजून निघतात. मला पाहायला द्या, फोटो काढू द्या, मूळ वही तुमच्याच घरी राहू दे. या पुस्तकातलं १९५५ नंतरच्या बट्ट्याचं प्रकरण मी जाणीवपूर्वक अपुरं सोडलं आहे. ते त्या वह्यांतून पुरं व्हायचं आहे.

वेंगुर्ले